ठिपक्यासकट वाच

दौंडात चर्चच्या मागच्या बोळात एक बैठं घर होतं. शनिवारी दुपारी त्याच्या ओट्यावर पाच-सात माणसं आपापले कॉम्प्युटर घेऊन बसलेली असायची. कुणी पोत्यात घालून आणलेला, कुणी मांडीवर धरलेला, एकदा तर एका बाईंनी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणलेला. दवाखान्यात बसावं तशी सगळी नंबर लावून बसायची. आणि आत खुर्चीत ज्या बाई बसलेल्या असत, त्यांना डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. जन्मापासूनच. वर त्या कुणाच्या मशीनला हातही लावत नसत. तरी माणसं परत जाताना हसत जायची.

मी त्या घराच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. आता मी शिरूरला असतो, बाई नाशकाला भाचीकडे गेल्या आहेत, आणि त्या घरात दुसरंच कुणी राहतं. पण आजही स्क्रीनवर काही इंग्रजी आलं की मी आधी पाठ ताठ करतो. समोर बाई नाहीत हे मला माहीत असतं. तरी करतो.

सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास थांबायचे दिवस होते ते. बाई सांगायच्या, "नंबर लागला की 'बोला' म्हणायचं. मग क्षणभर थांबून विचारायचं, 'ऐकू येतंय का?' दोन्हीकडून 'हो' आलं की आपण बाजूला व्हायचं. ऐकत बसणारी ऑपरेटर आन् दुसऱ्याचा कीबोर्ड ओढून घेणारा मेकॅनिक, दोघांना एकच रोग."

म्हणून त्यांचे हात कायम क्रोशात गुंतलेले. हात मोकळे राहिले की दुसऱ्याच्या मशीनकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. समोरचा माणूस त्या सांगतील तसं टाइप करायचा आणि बाईंची सुई चालू असायची. अडचण मोठी असली की विणकामही मोठं व्हायचं. मशीन दुरुस्त झालं की ते विणलेलं जाळीचं झाकण त्याच माणसाला मिळायचं. दौंडपासून यवतपर्यंत कितीतरी ग्रामपंचायतींत आणि शाळांत जुन्या मॉनिटरवर असं पांढरं झाकण तुम्हाला दिसेल. झाकण केवढं आहे त्यावरून आम्ही ओळखायचो, की ह्याचं मशीन किती अडलं होतं.

ही सगळी मशीनं लिनक्सवर चालायची. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, जी कुणालाही फुकट मिळते आणि जगभरची माणसं मिळून नीट ठेवतात. एवढंच बाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज कुणी विचारलं तर मीही तेवढंच सांगतो. लोकांनी टाकून दिलेली, फार जुनी झाली म्हणून कोपऱ्यात सारलेली मशीनं बाई लिनक्स घालून उभी करायला लावत. आणि सगळी एकसारखी. एकाच्या मशीनवर जे सुटलं ते सगळ्यांच्या मशीनवर सुटावं, म्हणून.

त्यांचं स्वतःचं मशीन खिडकीपाशी होतं. त्याच्या कीबोर्डपुढं हातभर लांबीची एक पट्टी. स्क्रीनवर ओळ आली की त्या पट्टीतून ब्रेलचे मोहरीएवढे ठिपके वर यायचे, आणि बाई त्यावरून बोट फिरवून वाचायच्या. अंधशाळेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी जाताना ती त्यांना दिली होती. तशी पट्टी पुन्हा कुठं मिळणार, म्हणून तिच्यावरचं झाकण बाईंनी सगळ्यात बारीक टाक्यांनी विणलेलं. मशीन बोलूनही दाखवतं, आवाज लावा, असं लोक त्यांना सांगायचे. बाई मान हलवायच्या. "सगळी नोकरी कानात लोकांचे आवाज घेतले. कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, सगळं ह्या कानांतून गेलं. आता बोटांनी वाचते. गप्प वाचते. किती बरं वाटतं ते तुम्हाला न्हाई कळायचं."

पण ती पट्टी त्यांच्या मशीनपुरती. दुसऱ्याच्या मशीनवर काय आलं आहे ते कुणीतरी वाचूनच दाखवावं लागायचं. आणि तिथंच सगळे अडकायचे.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली. का सुटली ते सांगण्यासारखं नाही, पुढची शाळा लांब होती आणि घरात कामाला हात हवे होते, एवढंच. चुलतभावाबरोबर रंगकामाला म्हणून दौंडला आलो. भाऊ महिन्याभरात परत गेला, मी राहिलो, कारण परत जाऊन सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. चर्चचं कंपाउंड रंगवताना कुणीतरी सांगितलं की मागं एक बाई खोली देतात. मी गेलो तो नेमका शनिवारी. ओट्यावर माणसं, आत बाई, आणि त्यांच्या डाव्या हाताला एक स्टूल. त्यावर शिरूरकडच्या कंपनीतले एक इंजिनियर बसले होते. ते दर शनिवारी मोटरसायकलवरून यायचे. समोर कुणाचंतरी मशीन.

बाई म्हणाल्या, "वाचा."

इंजिनियर म्हणाले, "काही नाही बाई, परमिशनचं काहीतरी म्हणतंय."

"काहीतरी म्हंजी?"

"म्हणजे... परवानगी नाही, असं."

"साहेब, मी तुम्हाला अर्थ विचारला का? काय लिहिलंय ते विचारलं."

इंजिनियर हसले. त्यांनी परत वाचलं, पण मधलं गाळून. बाईंची सुई थांबली. "दारात कोण उभंय?" त्यांनी विचारलं. मी इतका वेळ काही बोललो नव्हतो, चप्पलही बाहेर काढली होती. तरी त्यांना कळलं.

"मी, बाई. खोलीसाठी आलो होतो."

"वाचता येतं का?"

"येतं. दहावी झालोय," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. घाबरलो की माझ्या तोंडून आधी खोटं निघायचं.

"बस त्या स्टुलावर. वाच."

स्क्रीनवर सगळं इंग्रजी. मला शब्द लागेनात. मग मला जमत होतं तेवढंच मी केलं. एकेक अक्षर म्हणालो. सी, ए, एन, एन, ओ, टी. मग मोकळी जागा. मग पुढचं अक्षर. मधे तिरकी रेघ आली तर "तिरकी रेघ" म्हणालो. ठिपका आला तर "ठिपका." ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान गरम झाले. पण थांबलो तर दहावीचं खोटं उघडं पडेल, म्हणून वाचतच राहिलो. चार ओळी वाचायला मला चांगली पाच मिनिटं लागली असतील.

संपल्यावर मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत दोन तिरक्या रेघा जवळजवळ म्हणालास. खरंच दोन आहेत, का तुझी चूक?"

मी परत बघितलं. "दोनच आहेत, बाई."

"साहेब, ऐकलंत? पत्ताच चुकीचा घातलाय. परवानगीचा काय संबंध?" मग माझ्याकडे तोंड करून, "तू दहावी झालेला न्हाईस."

"नाही, बाई. सातवी."

"तेच म्हणते. शिकलेला माणूस पहिलं अक्षर बघतो आन् उरलेलं मनानं म्हणतो. तू काहीच सोडलं न्हाईस. खोली मागं आहे. शनिवारी हे स्टूल तुझं."

घरून निघाल्यापासून 'हे तुझं' असं मला कुणी म्हणालं नव्हतं. नंतर त्यांनी स्वतःच्या मशीनवर माझ्या नावाचं एक खातंही उघडून दिलं, मला टाइप करायला शिकता यावं म्हणून. माझ्या नावाची पाटी लागलेली ती पहिली जागा. सुरुवातीला मी नुसतं नाव टाकून आत जायचो, नाव बघायचो आणि बाहेर यायचो.

बाईंचे तीन प्रश्न ठरलेले होते. कुणीही येवो, सरपंच येवो नाहीतर शाळेतली पोरगी. काल चालत होतं का? मधे काय केलंत? आणि तिसरा प्रश्न नव्हताच, हुकूमच: वाच. दुसऱ्या प्रश्नाला सगळे तेच उत्तर द्यायचे, "काहीच केलं नाही." बाई हसायच्या. "मशीन खोटं बोलत न्हाई. पण तोंडातल्या तोंडात बोलतं. म्हणून नीट ऐकायचं."

त्यांचा एक मोठा राग होता. जगभरचे लिनक्सवाले इंटरनेटवर एका फळ्यावर आपापल्या अडचणी लिहितात, आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. बाईंचा प्रिंटर एकदा अडला, तेव्हा शोधता शोधता त्यांना तिथं हुबेहूब तीच अडचण सापडली. खाली त्याच माणसानं लिहिलं होतं, "सुटलं. धन्यवाद." बस. कसं सुटलं, काही नाही. बाई दर नाताळला त्या माणसाला इंग्रजीत लिहायच्या, "नाताळच्या शुभेच्छा. कसं सुटलं?" उत्तर कधी आलं नाही. त्यांनी लिहायचं सोडलं नाही. "दुसऱ्याला वाट दाखवायला एक ओळ लागते. ती न लिहिता हा माणूस जेवायला कसा बसला असंल?" असं त्या खरोखर विचारायच्या, कधी कधी जेवतानाच.

त्यावरून आमच्याकडे एक रीत पडली. ज्याचं मशीन सुटलं त्यानं ते कसं सुटलं हे ओट्यावरच्या वहीत मराठीत लिहायचं आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांपुढं वाचायचं. मग इंजिनियर ते सगळं एका फाईलमध्ये घालायचे. तिला आम्ही शनिवारची फाईल म्हणायचो. ती प्रत्येकानं घरी नेऊन आपल्या मशीनवर चालवायची, की आठवड्याच्या सगळ्या दुरुस्त्या एकदम होऊन जायच्या. अट एकच. चालवण्याआधी फाईलमधली प्रत्येक ओळ वाचायची. न वाचता काही चालवायचं नाही.

ही अट किती कडक होती ते मी यवतच्या मास्तरांवरून पाहिलं. त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, माणूस हुशार. एकदा त्यांनी कुठूनतरी उचललेल्या चार ओळी न वाचता चर्चच्या मशीनवर चालवल्या आणि मशीन उठेना. बाईंनी तीन शनिवार खपून ते आम्हा सगळ्यांकडून उठवून घेतलं. मग मास्तरांना म्हणाल्या, "चहा झाला का तुमचा? मग निघा." पुढच्या शनिवारी मास्तर आले, त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी जिलेबी घेऊन आले. बाईंनी ती सगळ्यांना वाटायला लावली, मास्तरांनाही दिली, स्वतःही खाल्ली. खुर्ची दिली नाही. मास्तरांनी उभ्यानं जिलेबी खाल्ली आणि गेले. तेव्हापासून मी दर शनिवारी स्टुलावर बसताना मनात म्हणायचो, आपलं हे जाऊ नये. बाकी काहीही जावो.

माझी नोकरीही त्या स्टुलावरूनच लागली. वरवंडच्या रस्त्याला एका आप्पांचं अंडी उबवणी केंद्र होतं. धनगर माणूस, आधीच्या पिढीपर्यंत मेंढरं, आता कोंबड्या. ते बाईंकडे मशीन घेऊन यायचे. बाई त्यांना म्हणाल्या, "आप्पा, हा सातवी आहे, पण अक्षर सोडत न्हाई." आप्पा म्हणाले, "मंग द्या की माझ्याकडं. माझा पोरगा पदवीधर हाय, त्यो घड्याळबी गाळून वाचतो." मला ते कायम 'ए किनवट' म्हणूनच हाक मारायचे.

तिथं माझं काम अंड्यांचे ट्रे लावायचं आणि कॉम्प्युटरवर उबवणी यंत्राची उष्णता बघायचं. यंत्रातून एक तार कॉम्प्युटरमध्ये यायची आणि आकडा दिसायचा. आकडा हलला की बोंब मारायची.

एका सकाळी अपडेट झाल्यावर आकडाच गेला. यंत्र चालू होतं, तार जागेवर होती, पण कॉम्प्युटरला तार दिसेना. आत हजारो अंडी. मी बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं आणि जे आलं ते वाचत गेलो. मधे एक शब्द आला. "बी, आर, एल, टी, टी, वाय."

फोनमधून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. बाई इतक्या मोठ्यानं हसलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. "अरे, हा तर माझा माणूस! माझी ठिपक्यांची पट्टी हाच प्रोग्रॅम चालवतो."

"मग इथं काय करतोय, बाई?"

"सगळ्या मशीनी एकसारख्या केल्या न्हाईत का आपण? म्हणून तिथंही आहे. तुझ्या तारेच्या टोकाला जो छोटा डबा आहे ना, त्याचा आतला नंबर आन् काही पट्ट्यांचा नंबर एकच आहे. ह्याला वाटलं आंधळ्याची पट्टी लागली, धावत गेला आन् धरून बसला. चांगला माणूस आहे, पण चुकीच्या दारात उभा राहिलाय." मग त्या थांबल्या. "तिथं आंधळं कोणी न्हाई ना?"

फोन स्पीकरवर होता. आप्पा मागून ओरडले, "आंधळं कुनी न्हाई बाई, पन बहिरे दोन हायेत, हाका मारून घसा बसला माझा!"

"मग काढून टाक त्याला," बाई म्हणाल्या. मी ओळ टाइप केली, वाचून दाखवली, एंटर मारलं. तार परत लावली. आकडा आला. आप्पांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी ट्रेवरच पडणार होतो.

मी वहीत नीट लिहिलं. आकडा गेला, तार दिसेना, हा शब्द आला, ही ओळ चालवली, तार काढून लावली, आकडा आला. सहा ओळी. एक अक्षर चुकवलं नाही. मला फार अभिमान वाटला.

त्या शनिवारी बाई एका लग्नाला शिरूरला गेल्या होत्या, मुक्कामाला. ओट्यावरची बैठक पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय झाली. मी माझ्या सहा ओळी वाचल्या, इंजिनियर म्हणाले, "झकास, हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, तार कुणीही लावेल," आणि ते फाईलमध्ये गेलं.

रविवारी सकाळी घर रिकामं होतं. दर रविवारी चर्चहून आल्यावर बाई ती फाईल बोटांनी ओळ न् ओळ वाचायच्या आणि मगच आपल्या मशीनवर चालवायच्या. दुपार जायची त्यात. बोटांची टोकं लाल व्हायची, ती मी पाहिली होती. मला वाटलं, एवढ्या वर्षांत आपण त्यांच्यासाठी काय केलं? आज त्या दमून येतील. आल्यावर त्यांना सगळं तयार मिळू दे. मी माझ्या खात्यातून आत गेलो आणि फाईल चालवली. वाचली नाही. त्यातलं निम्मं तर मीच लिहिलं होतं, वाचायचं काय?

संध्याकाळी बाई आल्या, दमल्या होत्या, झोपल्या. मी म्हटलं, उद्या सांगू.

सोमवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाजात काही नव्हतं, तरी मी पळत गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, दोन्ही हात पट्टीवर. पट्टी सपाट होती. एकही ठिपका वर नव्हता.

"स्क्रीन चालू आहे का?"

"चालू आहे, बाई."

"शुक्रवारी चालत होतं. मधे काय झालं? कुणी काही केलं का?"

"काही नाही, बाई," मी म्हणालो.

ते तोंडातून निघून गेलं, जसं दहावी निघून गेलं होतं. काय बिघडलं ते मला त्या क्षणाला कळलं नव्हतं. पण मी न वाचता काहीतरी चालवलंय, हे कळत होतं. आणि यवतचे मास्तर उभ्यानं जिलेबी खाताना दिसत होते.

बाईंनी माझं खरं मानलं. तेच सगळ्यात वाईट झालं. त्यांनी पट्टीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "मग पट्टीच गेली असंल. म्हातारी झालीच होती." जरा वेळानं म्हणाल्या, "आता आवाज लावून घ्यावा लागंल. होईल सवय." आणि त्यांनी त्या पट्टीवर ते बारीक टाक्यांचं झाकण घातलं. सकाळी आठ वाजता. रोज ते झाकण त्या झोपायच्या आधी घालायच्या.

मी तिथंच उभा राहिलो. निघता येईना.

"तरी एकदा विचारून बघू," त्या म्हणाल्या. "मशीनवर काय आलं, काय गेलं, त्याची नोंद असते. सांगते तसं टाइप कर. शेवटचा तुकडा वाच."

मी टाइप केलं. नोंद उघडली. आणि वाचायच्या आधीच मला ते दिसलं. तीन वर्षांत इंग्रजी एवढं तर यायला लागलं होतं. तारीख, रविवारची सकाळ. खाली ती ओळ, काढून टाकण्याची, बी-आर-एल-टी-टी-वाय. माझीच ओळ. आणि त्याच्या खाली, हे कुणी सांगितलं त्याचं नाव. माझं नाव. बाईंनी उघडून दिलेलं.

बाईंना दिसत नव्हतं. पट्टी बंद होती. त्या घरात ती नोंद वाचू शकणारा मी एकटाच होतो. दोन ओळी सोडल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? दुपारी त्या अंग टाकतील तेव्हा ते परत घालता आलं असतं. पट्टी आपोआप सुरू झाली, असं म्हणता आलं असतं. स्टूल राहिलं असतं, खोली राहिली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आलं नाही असं म्हणणार नाही.

क्रोशाची सुई चालू होती. बाई म्हणाल्या, "वाच की. ठिपक्यासकट."

मी वाचायला लागलो. एस, टी, ए, आर, टी. तारीख. मग ती ओळ, प्रत्येक अक्षर. आर, ई, एम, ओ, व्ही, ई. मोकळी जागा. बी. आर. एल. टी. टी. वाय. सुई थांबली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं वाचलं गेलं नसतं. पुढची ओळ वाचली. आणि मग माझं नाव, इंग्रजीत, एकेक अक्षर, कंसातल्या आकड्यासकट.

बाहेर स्टेशनात मालगाडी लागत होती. डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.

"फाईल वाचली होतीस?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. तुम्ही दमून याल म्हणून..."

"ते न्हाई विचारलं. ही ओळ फाईलमध्ये कुणी घातली?"

"वहीत मीच लिहिली होती. उबवणीची."

"त्या दिवशी फोनवर, काढून टाक म्हणायच्या आधी, मी तुला काय विचारलं होतं?"

"तिथं आंधळं कोणी नाही ना, असं."

"ते लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, ते नुसतं बोलणं आहे. कामाचं नाही."

बाई म्हणाल्या, "बाकीच्या सहा ओळी कुणालाही सापडल्या असत्या. त्या फळ्यावर आहेत. कामाचं तेवढंच एक होतं."

"मी खोली रिकामी करू का?" मी विचारलं.

"आधी काढलंस ते घाल."

त्यांनी काही सांगितलं नाही. मीच ओळ टाइप केली, तीनदा वाचून दाखवली, आणि त्यांनी "हं" म्हटल्यावर एंटर मारलं. पट्टीवरचं झाकण बाजूला केलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग पट्टीत बारीक टकटक झाली आणि ठिपके वर आले, सगळे एकदम. बाईंनी बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडं. परत डावीकडून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघालं, "ऐकू येतंय का, बाई?"

"येतंय," त्या म्हणाल्या. "आता हो बाजूला."

मी बाजूला झालो. त्या आठवड्यात त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, भाकरी दिली, उबवणीची चौकशी केली. खोलीचं काही निघालं नाही. पण मास्तरांशीही त्या नेहमीसारख्याच बोलल्या होत्या. जिलेबी दिली होती. मला झोप लागेना.

मी वहीत परत लिहिलं. सातवी ओळ, बाईंचा तो प्रश्न, आधी लिहिली, मग बाकीच्या सहा. त्याखाली, मी काय न वाचता चालवलं, कुणाच्या मशीनवर, आणि विचारल्यावर काय खोटं बोललो. इंजिनियरांनी नंतर त्या फाईलच्या अगदी वर तो प्रश्न घातला, तो आजही आहे. इथं शिरूरला आम्ही चौघं-पाचजण शनिवारी बसतो, आणि फाईल चालवण्याआधी जो वाचणारा असतो तो तेच पहिल्यांदा मोठ्यानं विचारतो: इथं आंधळं कोणी नाही ना? नवीन आलेले हसतात. हसू देतो. बाईंनी तो प्रश्न त्या परदेशी फळ्यावरही इंग्रजीत टाकला, आणि खाली लिहिलं की हे माझ्या भाडेकरूनं शिकवलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या बोटांनी ते टाइप केलं. मी त्यांना काय शिकवलं होतं?

पण त्या शनिवारी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ओटा भरला होता. आप्पा आले होते, इंजिनियर होते. बाईंच्या डाव्या हाताला स्टूल रिकामं होतं, आणि मी दाराशी वही घेऊन उभा होतो, पहिल्या दिवशी उभा होतो तिथंच. बाई म्हणाल्या, "वाच." मी वाचायला लागलो. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. आप्पा खाली बघत होते.

बाईंनी हात वर केला. "थांब. तुझा आवाज वरून का येतोय?"

मी वही खाली घेतली.

"उभा आहेस व्हय?"

"हो, बाई."

त्यांनी हात बाजूला नेला, चाचपडत स्टूल शोधलं, आणि आपल्या खुर्चीजवळ ओढलं. जमिनीवर त्याचा खरखर आवाज झाला. मग त्यावर दोनदा थोपटलं.

"बस. आन् पहिल्यापासून वाच. गडबडीत दुसऱ्या ओळीतला ठिपका सोडलास."

मी बसलो. आणि पहिल्यापासून वाचलं.